तंत्रस्नेही शिक्षकांची राज्यस्तरीय परिषद: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शिका

शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या परिषदेला जिल्हा परिषदेचा शिक्षक जात नसतो, त्याला पाठवलं जातं. रात्री साडेनऊच्या सुमारास केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘अतितात्काळ’ अशा मथळ्याचा संदेश येतो. तालुक्यातून दोन तंत्रस्नेही शिक्षकांची नावं दहापर्यंत कळवायची असतात आणि दहा वाजून पाच मिनिटांनी त्यांतलं एक नाव तुमचं निघतं. अभिनंदन! ही मार्गदर्शिका तुमच्यासाठीच आहे. उद्घाटन, बीजभाषण, प्रदर्शन, समांतर सत्रं आणि जेवण यांतून सुखरूप पार कसं पडावं ते इथे क्रमाने सांगितलं आहे. परिषदेतून शाळेच्या उपयोगाचं काही आणता येतं का, या किरकोळ बाबीचाही जाता जाता विचार केला आहे.

१. आपली निवड का झाली हे समजून घ्या

तंत्रस्नेही ठरण्याची रीत सोपी आहे. कधीतरी तुम्ही गटशिक्षण कार्यालयातल्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढून दिलात, किंवा पीडीएफची वर्ड फाइल करून दिलीत. त्या दिवसापासून ‘सरल’ असो, यू-डायस असो, नाहीतर शेजारच्या शाळेचा विसरलेला पासवर्ड असो, सगळं तुमच्याकडे येतं. परिषदेला जायला मिळणं हे त्या सेवेचं बक्षीस की शिक्षा, यावर जाणकारांत मतभेद आहेत.

निघण्यापूर्वी शाळेची व्यवस्था लावा. द्विशिक्षकी शाळेतला एक जण गेला की सगळे वर्ग दुसऱ्याच्या गळ्यात पडतात. मुलांच्या शिक्षणात तंत्रज्ञान यावं म्हणून दोन दिवस निम्मी मुलं शिक्षकाविना बसतात, हे गणित परिषदेत मांडू नका. मांडणाऱ्याला ‘नकारात्मक’ असा शेरा मिळतो. सहकाऱ्याला पोषण आहाराच्या ॲपचा पासवर्ड मात्र आठवणीने लिहून द्या. किती मुलं जेवली ते रोजच्या रोज भरावं लागतं आणि गुरुजी परिषदेला गेले आहेत हे त्या ॲपला कोणी कळवलेलं नसतं.

२. सोबत काय न्यावं

कार्यमुक्तीचा आदेश, दोन झेरॉक्ससह. परिषद कितीही पेपरलेस असली तरी हजर झाल्याचा दाखला कागदावर मिळतो आणि प्रवासभत्त्याचं बिल कागदावरच जातं.

एक्स्टेंशन बोर्ड. सभागृहात सॉकेट दोन असतात आणि त्यांतलं एक व्यासपीठाच्या मागे असतं. बोर्ड घेऊन आलेल्या माणसाची अर्ध्या तासात सहा जिल्ह्यांतल्या शिक्षकांशी ओळख होते.

सादरीकरण तीन रूपांत: पीपीटी, पीडीएफ आणि व्हिडिओ वेगळे. स्लाइड श्रीलिपीत टाइप केलेल्या असतील तर तो फाँट नसलेल्या संगणकावर ‘अध्ययन निष्पत्ती’च्या जागी रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रास उमटेल. युनिकोड वापरा. पीडीएफ तरीही ठेवा.

स्वतःचा मोबाइल डेटा. सभागृहाचं वायफाय आयोजकांच्या लॅपटॉपपुरतं असतं.

आणि एक प्रश्न: दुसऱ्या वर्षी काय झालं?

हा प्रश्न पाठच करून ठेवा. परिषदेत जे जे दाखवलं जातं ते पहिल्या वर्षाचं असतं: नवा पॅनेल, नवा टॅब, फीत कापणारे हात, पडद्यासमोर हसणारी मुलं. वस्तू आल्या दिवशीच फोटो निघतात. मार्च उलटल्यावर, वॉरंटी संपल्यावर, हौसेने सगळं चालवणाऱ्या शिक्षकाची बदली झाल्यावर त्या खोलीत काय चाललं आहे, ते कोणी सांगत नाही. विचारावं लागतं.

३. नोंदणी

प्रवेशद्वारावर क्यूआर कोडचा फलक असेल. तो स्कॅन करा. गुगल फॉर्म उघडेल. नाव, शाळा, यू-डायस क्रमांक, शालार्थ आयडी, मोबाइल, पुन्हा मोबाइल. सबमिट दाबल्यावर चक्र फिरत राहील. मग टेबलामागच्या ताई एक फूलस्केप वही पुढे सरकवतील आणि म्हणतील, “सर, इथे सही करा.” ती करा. परिषदेच्या हिशेबात तुम्ही आलात, याचा खरा पुरावा ती सही आहे.

फोल्डर, पेन आणि बिल्ला मिळेल. बिल्ल्यावरचं नाव तिथल्या तिथे तपासा. तीच यादी प्रमाणपत्रं छापणाऱ्याकडे गेलेली असते. आडनावातला चुकलेला काना दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुरुस्त होत नाही.

४. उद्घाटन

पत्रिकेवर १० वाजताची वेळ असते. १० वाजता जाऊन पाचव्या-सहाव्या रांगेत, खांबाच्या बाजूला जागा धरा. पहिल्या दोन रांगा मान्यवरांच्या, तिसरी त्यांच्याबरोबर आलेल्यांची आणि चौथी ऐन वेळी मान्यवर ठरणाऱ्यांची असते.

दीपप्रज्वलन टॅबवर बोट ठेवून होईल आणि पडद्यावर समई उजळेल. ती उजळली नाही तर खरी समई आणली जाईल. ती मागच्या खोलीत तेल-वातीसह तयार असते. उद्घाटनाच्या बाबतीत आपल्याकडे पर्यायी व्यवस्था नेहमी चोख असते. मग स्वागत, पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक, प्रास्ताविक. प्रमुख पाहुणे दोन गोष्टी सांगतील. एक, तंत्रज्ञानाशिवाय आता पर्याय नाही. दोन, तंत्रज्ञान शिक्षकाची जागा कधीच घेऊ शकणार नाही. टाळ्या दुसऱ्या वाक्याला वाजवायच्या. त्यानंतर पाहुणे पुढच्या कार्यक्रमाला जातात आणि त्यांच्याबरोबर तिसरी रांगही रिकामी होते.

५. बीजभाषण: हमखास येणाऱ्या स्लाइड

बीजभाषण ऐकताना वहीत या स्लाइडची यादी करून ठेवा आणि येईल तशी खूण करा. झोप येत नाही.

पहिली: शंभर वर्षांपूर्वीचा टेलिफोन आणि आजचा, तेव्हाची मोटार आणि आजची, मग तेव्हाचा वर्ग आणि आजचा, दोन्ही सारखेच. सभागृह अंतर्मुख होतं. त्या जुन्या वर्गात कोणाची मुलं बसत होती आणि आजच्या वर्गात कोणाची बसतात, हा बदल फोटोत दिसत नाही.

दुसरी: शिक्षणाचा पिरॅमिड. वाचलेलं १० टक्के लक्षात राहतं, ऐकलेलं २० टक्के, पाहिलेलं ३० टक्के, आणि असंच वर वर चढत करून पाहिलेलं ९० टक्के. खाली एडगर डेल यांचं नाव असतं. डेल यांनी १९४६ साली आपल्या पुस्तकात अनुभवांचा शंकू मांडला हे खरं, पण त्यात टक्केवारी नव्हती. ती नंतर कोणीतरी चिकटवली. माणसाची स्मरणशक्ती दहाच्या पाढ्यात कशी काय चालते, असा प्रश्न चौथीतल्या मुलाला पडेल. सभागृहात पडत नाही.

तिसरी: काही मुलं पाहून शिकतात, काही ऐकून, काही हालचालीतून, म्हणून प्रत्येकाला त्याच्या त्याच्या पद्धतीने शिकवा. २००८ साली हॅरल्ड पॅशलर आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरचं संशोधन एकत्र तपासलं. अशी वर्गवारी करून शिकवल्याने मुलं जास्त शिकतात, असं म्हणायला पुरेसा आधार त्यांना मिळाला नाही. स्लाइडला ही बातमी अजून पोहोचलेली नाही.

चौथी: आज पहिलीत असलेली ६५ टक्के मुलं पुढे अशा नोकऱ्या करतील ज्या अजून जन्मालाच आलेल्या नाहीत. हा आकडा कुठून आला, याचा माग काढायला गेलेल्यांच्या हाती पक्कं काही लागलेलं नाही. नोकऱ्यांप्रमाणे बहुधा त्याचा पुरावाही अजून जन्माला यायचा आहे.

बीजभाषणात एक स्लाइड कधीच नसते, ती तुम्ही स्वतः तयार करून ठेवा. १९१३ साली थॉमस एडिसन यांनी भाकीत केलं होतं की शाळेतली पुस्तकं लवकरच कालबाह्य होतील आणि चित्रपट सगळं शिकवतील. त्यासाठी त्यांनी दहा वर्षांची मुदत दिली होती. १ ऑगस्ट १९७५ रोजी आपल्याकडे ‘साइट’ हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग सुरू झाला. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक टीव्ही बसले; सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी गावासाठी कार्यक्रम. प्रयोग फार नेटका झाला. पण उपग्रह अमेरिकेचा होता आणि वर्षभरासाठीच मिळाला होता. दुसऱ्या वर्षी काय झालं, याचं इतकं स्पष्ट उत्तर क्वचितच मिळतं: उपग्रह परत गेला. १९८४ मध्ये ‘क्लास’ प्रकल्पातून बीबीसी मायक्रो संगणक शाळांत आले. त्याच साली पुण्यात ‘बालचित्रवाणी’ उभी राहिली, तिने मराठी मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम केले. २०१७ साली ती बंद पडली. २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठीचा ‘एज्युसॅट’ आकाशात गेला. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे ऑनलाइन व्यासपीठ आलं.

यातला कुठलाही प्रयत्न मूर्खपणाचा नव्हता, आणि काहींनी चांगलं काम केलं. पण दर वेळी क्रांती झाल्याची घोषणा पहिल्याच वर्षी झाली. आता व्यासपीठावरून कृत्रिम बुद्धिमत्तेचं नाव घेतलं जाईल आणि वाक्यं तुम्हाला ओळखीची वाटतील. एडिसनचा चित्रपट काढून तिथे चॅटबॉट ठेवला की बाकीच्या मजकुराला फारसा हात लावावा लागत नाही.

६. प्रदर्शन दालन

इथे स्टॉल असतात. स्टॉलवर कोट घातलेला तरुण असतो. तो तुम्हाला ‘सर’ म्हणतो, थंड पाण्याची बाटली देतो आणि तुमचा मोबाइल नंबर मागतो. पाणी घ्या.

७५ इंची पॅनेलवर बेडकाचं विच्छेदन बोटाने करून दाखवलं जाईल. चष्मा डोळ्याला लावला की तुम्ही ज्वालामुखीत उतराल. सगळं थक्क करणारं असतं. थक्क व्हा, त्याला पैसे पडत नाहीत. मग पुढचे प्रश्न याच क्रमाने विचारा.

इंटरनेट नसताना हे काय करतं? मराठी येतं का? येत असेल तर ते बालभारतीच्या पुस्तकाशी जुळतं की इंग्रजीवरून उतरवलेलं आहे? पहिलीतलं मूल घरी पावरी किंवा कोरकू बोलत असेल तर? वीज गेल्यावर? विजेचं बिल कुठून भरायचं?

शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण महाराष्ट्रातल्या कित्येक डिजिटल शाळा नेमक्या इथेच अडकल्या. शाळेचं बिल सादिल अनुदानातून भरायचं. सादिल कधी येईल ते सांगता येत नाही. महावितरणला मात्र आपली तारीख पक्की ठाऊक असते. गावाने लोकवर्गणीतून घेतलेला प्रोजेक्टर मीटर कापल्यावर कपाटात जातो. कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे असते आणि मुख्याध्यापकांचं पद रिक्त असतं.

आता मुख्य प्रश्न विचारा: दुसऱ्या वर्षी काय? उत्तरं ठरलेली आहेत. ‘आमची एएमसी असते’ म्हणजे दुसऱ्या वर्षाचे पैसे वेगळे. ‘अपडेट आपोआप होतं’ म्हणजे गावात रेंज हवी. ‘लोकसहभागातून करता येईल’ म्हणजे ज्या गावाने परवा टीव्हीसाठी वर्गणी दिली त्याच गावाच्या दारात तुम्ही पुन्हा उभं राहायचं. युनेस्कोने २०२३ साली शिक्षणातल्या तंत्रज्ञानावर जागतिक अहवाल काढला. त्यात म्हटलं आहे की शैक्षणिक तंत्रज्ञानाची उत्पादनं सरासरी ३६ महिन्यांत बदलतात. म्हणजे पहिलीत दाखल झालेलं मूल चौथीत पोहोचेपर्यंत त्याचं ॲप जुनं झालेलं असतं. मूल बदलून मिळत नाही.

स्टॉलवरच्या तरुणाला आणखी एक गोष्ट ऐकवा, ती आपल्या राज्यातून सुरू होते. ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जगभर गाजलेल्या योजनेचा भारतातला पहिला प्रयोग २००७ साली रायगड जिल्ह्यात, कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेत झाला. हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपसह मुलांचे फोटो पुष्कळ निघाले. त्याच योजनेची मोठी आणि नीट तपासणी पेरू देशात झाली: ३१९ ग्रामीण शाळा, सुमारे १५ महिने, काही शाळांना लॅपटॉप आणि काहींना नाही. २०१२ साली निकाल आला. मुलं संगणक चालवायला शिकली. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत मात्र मोजण्याजोगा फरक दिसला नाही. लॅपटॉप पोहोचले होते. ते घेऊन वर्गात वेगळं काय करायचं, ते शिक्षकांपर्यंत तितकंसं पोहोचलं नव्हतं.

एवढं ऐकल्यावर तो तरुण तुम्हाला चॉकलेट देईल आणि मागच्या माणसाला ‘या सर’ म्हणेल. रागावू नका. महिन्याचं टार्गेट त्यालाही असतं, तुमच्या नव्वद टक्के उपस्थितीसारखंच.

७. चहा आणि जेवण

या विभागात सांगण्यासारखं फार नाही, फक्त एक सूचना. परिषदेतलं सर्वांत मोलाचं सत्र चहाच्या रांगेत भरतं आणि ते पत्रिकेत नसतं. तिथे २०२० चा विषय काढा. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं तेव्हा म्हटलं गेलं. घरात स्मार्टफोन एकच आणि तो वडिलांबरोबर कामावर गेलेला. व्हॉट्सॲपवर अभ्यास गेला पण डेटा पॅक संपलेला. ऊसतोडीला गेलेल्या मुलांचे नंबर लागत नव्हते. आणि तरीही कोणी मंदिराच्या ओट्यावर, कोणी झाडाखाली पाच-पाच मुलं बसवून शिकवत होतं. तंत्रज्ञान कुठे चालतं आणि कुठे हात टेकतं, यावर या राज्यातल्या प्रत्येक शिक्षकाचं दीड-दोन वर्षांचं पक्कं संशोधन झालं आहे. ते विचारायला कोणी तज्ज्ञ मार्गदर्शक आलेला नाही. रांगेतल्या माणसाला तुम्ही विचारा.

जेवणात जिलेबी असते. ती आधी घ्या.

८. समांतर सत्रं

दुपारी अडीच वाजता परिषद चार खोल्यांत विभागली जाते. मोठ्या सभागृहात ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि उद्याची शाळा’ असेल आणि तिथे वातानुकूलन असेल. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत शिक्षकांचे स्वतःचे प्रयोग असतील आणि तिथे पंखा असेल. तिसऱ्या मजल्यावर जा.

तिथे पंधरा-वीस माणसं असतात. एखाद्या बाई उभ्या राहून सांगतात: मी दर महिन्याला प्रत्येक मुलाचं एक मिनिट वाचन मोबाइलवर रेकॉर्ड करते, तीन महिन्यांनी त्यालाच जुनं आणि नवं ऐकवते, पालकसभेत आईला ऐकवते. खर्च शून्य, ॲप शून्य, फोन पाच वर्षं जुना. विचारा त्यांना, दुसऱ्या वर्षी काय झालं? त्या सांगतील, कारण त्यांच्याकडे दुसरं वर्ष आहे. ‘पहिल्या वर्षी सगळ्यांचं केलं, झेपलं नाही. आता जे अडखळतात त्यांचंच करते.’ ही ओळ वहीत उतरवून घ्या. बीजभाषणातल्या चाळीस स्लाइडपेक्षा ती जास्त दिवस टिकते.

माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं, तेव्हा बातम्यांत दहा लाख डॉलरचा आकडा मोठा छापला गेला, आणि त्यातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली, हेही. पण शिक्षकाने लक्षात घ्यायची गोष्ट वेगळी आहे. पाठ्यपुस्तकाच्या पानावर क्यूआर कोड छापायची त्यांची कल्पना टिकली, कारण ती मुलाच्या हातात आधीच असलेल्या वस्तूवर बसली. पुस्तक दर जूनला येतंच. त्याला एएमसी लागत नाही.

स्क्रीनमुळे मुलं खरोखर जास्त शिकली, असं दाखवणारा अभ्यास हवा असेल तर तोही आहे. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गॅनिमियन यांनी दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय कार्यक्रमाची तपासणी केली. ती २०१९ साली प्रसिद्ध झाली. शाळेनंतरच्या केंद्रांत मुलं अर्धा वेळ संगणकावर आणि अर्धा वेळ लहान गटात माणसाकडून शिकली. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत चांगली सुधारणा दिसली. का दिसली, ते जास्त महत्त्वाचं. तिथलं सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे होतं. वर्गात त्याला सहावीचं पुस्तक शिकवलं जात होतं. संगणकाने त्याला तिसरी-चौथीचं गणित दिलं, न ओरडता, न लाजवता.

हेच काम ‘प्रथम’ या संस्थेने संगणकाशिवायही करून दाखवलं आहे: इयत्ता बाजूला ठेवायची, अक्षर ओळखणारे एका गटात, शब्द वाचणारे दुसऱ्या, परिच्छेद वाचणारे तिसऱ्या, आणि जो जिथे आहे तिथून पुढे न्यायचा. चटई, फळा, कार्डं, दिवसाचा ठरलेला वेळ. म्हणजे मुलगा कुठे आहे हे आधी शोधा, एवढंच दोन्हीकडे सांगितलं आहे. यंत्र ते शोधायला मदत करत असेल तर घ्यावं. करत नसेल तर ते भिंतीवरचं मोठं घड्याळ आहे, वेळही न दाखवणारं.

९. तुमचं स्वतःचं सादरीकरण

तुम्हाला आठ मिनिटं दिलेली असतात. आधीचे वक्ते लांबल्यामुळे ती चार होतात आणि त्यांतली दीड पेनड्राइव्ह सापडण्यात जातात. त्यामुळे शाळेची इमारत, गावाची लोकसंख्या, सरपंचांचे आभार आणि शाळेला भेट दिलेल्या अधिकाऱ्यांचे फोटो काढून टाका. चार गोष्टी सांगा: अडचण काय होती, काय केलं, किती मुलांना फरक पडला, आणि काय सोडून द्यावं लागलं. चौथ्या गोष्टीला सभागृहात कुजबुज होईल. अपयश सांगायची इथे पद्धत नाही. इथे ‘शंभर टक्के प्रगत’ अशी एकच अवस्था माहीत असते. तरीही सांगा. सत्र संपल्यावर तुमच्याभोवती जी चार माणसं जमतील ती त्याच मुद्द्यासाठी आलेली असतील.

प्रश्नोत्तरांत एक गृहस्थ उठतील आणि ‘माझा प्रश्न नाही, पण मला दोन मिनिटं बोलायचं आहे’ असं म्हणतील. त्यांना बोलू द्या. परिषदेची ती परंपरा आहे.

१०. समारोप आणि प्रमाणपत्र

समारोपाला सभागृह निम्मं रिकामं असतं. लांबच्या जिल्ह्यांना एसटी गाठायची असते. प्रमाणपत्र फीडबॅक फॉर्म भरल्यावरच मिळतं. फॉर्ममध्ये ‘परिषद कशी वाटली?’ याला तीन पर्याय आहेत: उत्कृष्ट, अतिउत्कृष्ट, प्रेरणादायी.

११. परतल्यावर

तीन कागद तयार ठेवा. प्रवासभत्त्याचं बिल, पुराव्यांसह. कार्यालयाला एक पानी अहवाल. त्यात ‘मोलाचे मार्गदर्शन लाभले’ हे वाक्य एकदा येऊ द्या, दोनदा नको. आणि केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत वाचायचं टिपण, कारण तिथे तुमच्या नावावर वीस मिनिटं आधीच मांडली आहेत.

टिपणात प्रदर्शनाचं वर्णन करू नका. तुमच्या केंद्रातल्या कोणाच्याच शाळेत तो पॅनेल येणार नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या एका प्रयोगाचं नाव घ्या, तो तुमच्या शाळेत कोणत्या मुलांसाठी करून पाहणार ते सांगा आणि त्याच वेळी पुढच्या वर्षीच्या शिक्षण परिषदेतली एक तारीख मागून घ्या, झालं तेही आणि बारगळलं तेही सांगायला. केंद्रप्रमुख चकित होतील, पण तारीख देतील. अशी मागणी त्यांच्याकडे सहसा कोणी केलेली नसते.

१२. नेहमी विचारले जाणारे प्रश्न

तंत्रज्ञानात मला काही कळत नाही. मी परिषदेला गेलो तर चालेल का?
चालेल. मुलांचं कळत असेल तर तुमचे प्रश्न जास्त चांगले असतील. दोन्ही कळत नसेल तर व्यासपीठावर जागा आहे.

शाळेत एकच टॅब आहे, मुलं सदतीस. काय करावं?
तो शिक्षकाने वापरावा. मुलांच्या वाचनाच्या नोंदी, उच्चारांचे नमुने, दाखवण्यापुरता एखादा छोटा व्हिडिओ. सदतीस मुलांनी रांग लावून एक टॅब हाताळला तर मुलं फक्त रांग लावायला शिकतात.

मुख्याध्यापक विचारतात, परिषदेतून काय आणलं?
फोल्डर त्यांना द्या, पेन सहकाऱ्याला द्या. वही स्वतःकडे ठेवा.

या परिषदांमुळे मुलांचं शिकणं सुधारतं का?
हा प्रश्न फीडबॅक फॉर्ममध्ये नाही. मात्र शेवटी ‘इतर सूचना’ असा एक रकाना आहे आणि त्यात थोडीफार अक्षरं बसतात. तिथे लिहा. लिहून झाल्यावर शाळेचा यू-डायस क्रमांक पुन्हा टाका, नाहीतर फॉर्म सबमिट होत नाही.